राघूचा चातुर्मास

पक्षी पिसं उपटायला लागला की लोकांना पहिली आठवण होते उवांची आणि दुसरी माझी. आमच्या कॉलनीत आता घरोघर ते लव्हबर्ड झालेत, रंगीत, नाजूक, दिवसभर किलकिल करणारे. त्यातला एखादा फुगून कोपऱ्यात बसला किंवा शिंकायला लागला, की त्या घरची सून संध्याकाळी माझ्या दारात उभी. ‘‘आजी, जरा बघता का हो?’’

मी काही डॉक्टर नव्हे. शाळेची पायरीसुद्धा चढले नाही. अक्षर ओळखायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. पण पक्षी बघत आले जन्मभर, म्हणून जाते. आणि पिंजऱ्याकडे बघायच्या आधी विचारते, ‘‘खायला काय घालता गं?’’

‘‘राळे.’’

‘‘आणि?’’

‘‘राळेच, आजी.’’

‘‘आणि तुम्ही? रोज नुसता भात?’’

मग ती ओशाळून हसते. अर्धी दुखणी इथंच कळतात.

हा प्रश्न विचारायला मी शिकले ते नाशकात, सासरी. सन तीस उलटून दोनचार वर्षं झाली असतील. आमचं बिऱ्हाड गंगेपलीकडे, गोदेला तिथं गंगाच म्हणतात, पंचवटीच्या अंगाला. भाड्याच्या तीन खोल्या, मागं परस, परसात एक पेरूचं झाड. घरात माणसं चारच. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, त्यांची थोरली बहीण, त्या आमच्या आत्याबाई, आमचे हे, आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, त्यामुळे घर आत्याबाईंच्या हातात. आणि आत्याबाईंच्या मनावर राज्य राघूचं.

राघू म्हणजे चांगला मोठा, लाल चोचीचा, गळ्यात काळी-गुलाबी कंठी असलेला पोपट. आता रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवायला बंदी आहे, आणि बरंच झालं म्हणते मी. तेव्हा मात्र दोन घरं सोडून एक पिंजरा असायचा. आमचा राघू पिंजऱ्यात रात्रीपुरताच. दिवसा दार उघडं. आत्याबाई सोवळ्यानं स्वयंपाक करीत आणि हा चुलीपासून हातभर लांब, पाटाच्या कडेवर बसून देखरेख करी. ‘‘पक्ष्याला विटाळ नसतो,’’ असा निवाडा त्यांनीच देऊन टाकला होता. बाकी आम्ही सगळे विटाळाचे!

त्याला बोलता येत होतं एवढंच: ‘‘अक्का, मिरची!’’

ते मामंजींचं वाक्य. मामंजी कचेरीत कारकून, आणि मिरचीचे असे भक्त की पानात श्रीखंड असलं तरी डाव्या बाजूला हिरवी मिरची पाहिजेच. पाटावर बसले की घोटभर पाणी प्यायचे आणि हाक मारायचे, ‘‘अक्का, मिरची!’’ त्याच वेळी राघूलाही एक मिळायची. आत्याबाई आपल्या बोटांत धरून भरवीत. तो एका पायावर उभा राही, दुसऱ्या पायात मिरची घेई, साल सोली, एकेक बी वेचून खाई. पक्ष्याला तिखट लागतच नाही, तुम्हांला माहीत आहे का? आपल्याला वाटतं केवढा शूर! त्याला ती काकडीसारखीच. मिरचीनंतर पेरूची फोड. आत्याबाई स्वतः जेवायच्या दिवसातनं एकदा, तेही मागाहून, पण हा दहा मिनिटांचा सोहळा झाला की त्यांचं पोट भरल्यासारखं दिसायचं.

त्या वर्षी आषाढात मला दिवस होते. आदल्या वर्षी एकदा राहून तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. कुणी काही बोललं नव्हतं मला, पण या खेपेला घरात सगळी जपून चालायची. जशी काही मी काचेची हंडी आणि मला डोक्यावर घेऊन निघालीत.

आता आमच्याकडची रीत सांगते, कारण हल्लीच्या मुलींना ती ठाऊक नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास. त्या चार महिन्यांत आपल्या आवडीची एक वस्तू सोडायची. मनात काही इच्छा धरायची, हातावर पाणी घेऊन संकल्प सोडायचा, आणि कार्तिकीला तीच वस्तू ब्राह्मणाला दान देऊन मग परत तोंडात घालायची. कुणी वांगं सोडी, कुणी दूध, कुणी गादीवर निजणं. पण आत्याबाईंची अडचण वेगळी होती. बाराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली बाई. कांदा नाही, लसूण नाही, तिखट नाही, गोड नाही, रात्रीचं जेवण नाही.

एकादशीच्या सकाळी देवापुढं बसून मला म्हणाल्या, ‘‘अगं, सोडू काय मी आता? मीठ तेवढं राहिलं होतं, तेही परवाच्या साली सोडून झालं.’’

‘‘मग यंदा नका काही सोडू, आत्याबाई.’’

‘‘वा! म्हणजे तुझ्या लेकरासाठी देवाकडे मागायचं आणि हात हलवत जायचं?’’

मग पाटावर बसलेल्या राघूकडे बघितलं त्यांनी. ते बघणं मी आधी पाहिलं नव्हतं.

‘‘त्याला मिरची भरवते ना, तेवढंच एक सुख आहे मला या घरात,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तेच सोडते. मिरची आणि पेरू. कार्तिकीपर्यंत नाही भरवायची, मी नाही आणि माझ्या घरात कुणी नाही.’’

आणि पळीभर पाणी हातावरून ताम्हनात सोडलंसुद्धा.

राघूला कुणी विचारलं नाही.

पहिले आठ-पंधरा दिवस गंमतच झाली. राघूला भिजवलेली हरभऱ्याची डाळ मिळे, भात मिळे, दाणे मिळत. तो डाळ खाई आणि ओरडे, ‘‘अक्का, मिरची!’’ दुपारी ओरडे, तिन्हीसांजेला ओरडे, आणि आवाज हुबेहूब मामंजींचा. शेवटी शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, ‘‘अहो आत्याबाई, तुमच्या भावाला एक मिरची द्या की हो! दिवसभर मागतायत बिचारे!’’

मामंजी कचेरीतून आल्यावर हे कळलं तेव्हा चिडले. ‘‘अक्का, या हिरव्यापायी माझी अब्रू चाललीय पंचवटीत.’’

‘‘मग तू तुझी हाक बदल.’’

‘‘मी चाळीस वर्षं मारतोय ती हाक! त्यानं चोरलीय.’’

पण पुढं पुढं ओरडणं कमी झालं. आम्हांला वाटलं, विसरला. पक्षी गप्प झाला की माणसांना वाटतं शहाणा झाला. तसं नसतं हो. ओरडणारा पोपट बहुतेक वेळा बरा असतो. गप्प झालेल्याकडे लक्ष द्यावं. श्रावण लागला आणि तो शिंकायला लागला. पिसांचा तजेला गेला, जुन्या लुगड्यासारखा विटका दिसायला लागला. मग एक दिवस केर काढताना पाटाखाली मला हिरव्या पिसांचा लहानसा ढीग सापडला. वर बघते तर राघू मान खाली घालून छातीवरचं एकेक पीस ओढून काढत होता. शांतपणे, निवडणं टिपल्यासारखा.

मग आमच्या घरात वैद्यकी सुरू झाली.

आत्याबाई म्हणाल्या उवा. कडुलिंबाचा पाला उकळून त्याला अंघोळ घातली. वास्तविक पक्ष्याची अंघोळ सकाळच्या उन्हात. ते पावसाचे दिवस, ऊन कुठलं! ओला राघू दिवसभर कुडकुडत बसला आणि शिंका दुप्पट झाल्या. नंतर मला वाटलं, पितळेच्या वाटीतलं पाणी कळकत असेल. वाटीची कल्हई खरंच उडाली होती. दारावर कल्हईवाला आला तेव्हा करून घेतली. ते चांगलंच केलं, कुणाकडे पितळी वाटी असेल तर आजही सांगते, पण पिसं उपटणं थांबलं नाही. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडल्या तसा राघू भिऊन पिंजऱ्याच्या मागच्या गजांना चिकटला. आमच्या ह्यांचं मत पडलं की तो एकटा पडलाय, त्याला जोडीदार हवा. म्हणून यांनी स्वतःचा दाढीचा आरसा पिंजऱ्यात टांगला.

राघू त्या आरशाच्या प्रेमातच पडला की हो! दिवसभर त्याच्यासमोर मान हलवायचा, आणि पोपट आपल्या जोडीला घशातून काढून भरवतो ना, तसं खाल्लेलं सगळं काढून त्या आरशाला भरवायचा. आधीच खाणं कमी, त्यात हा दानधर्म. चार दिवसांत हाडं लागली हाताला. ह्यांना तोवर दाढी आरशावाचून करावी लागत होती, म्हणून गालावर दोन ठिकाणी कापून घेतलेलं. आरसा काढला तेव्हा दोघांच्याही तब्येती सुधारल्या, पण राघूची थोडीच.

मामंजी रोज पानावरून हे बघत. एक दिवस मिरचीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, ‘‘अक्का, माझं ऐकशील का? त्याला एक मिरची दे आणि गंमत बघ.’’

‘‘संकल्प सोडलाय मी.’’

‘‘अगं, पण तो मरायला टेकलाय.’’

‘‘उपासानं कुणी मरत नाही. मी मेले का?’’

‘‘तू माणूस आहेस...’’

‘‘आणि संकल्प कशासाठी सोडलाय ते आठवतंय ना तुला?’’

मामंजींनी मान वर केली. मी वाढायला उभी होते. त्यांची नजर क्षणभर माझ्याकडे आली आणि लगेच पानाकडे वळली. त्यांनी तो मिरचीचा तुकडा खाल्ला नाही, पानाच्या कडेला ठेवला.

तेव्हा मला कळलं आत्याबाईंची काय दशा झाली होती ते. भरवावं तर माझ्या पोटातल्या जिवाला धोका. न भरवावं तर पाटावर बसलेला हा दुसरा जीव डोळ्यांदेखत झडतोय. दुपारी मी आडवी झाले की त्या राघूला पदराखाली धरून बसत. उबेला तो डोळे मिटे. ती ऊब चांगली, आजारी पक्ष्याला औषधाआधी ऊब द्यावी. पण आत्याबाई त्याच्याशी काय बोलायच्या ते मला भिंतीआडून ऐकू यायचं. ‘‘थोडं थांब रे माझ्या राजा. भाद्रपद, आश्विन, मग झालंच.’’ भाद्रपद अजून लागायचा होता.

आणि इकडे माझे डोहाळे! देवाची करणी बघा, मला वासना व्हायची ती कच्च्या पेरूची. मिठाला लावून, वर हिरवी मिरची चावून. आत्याबाई आपल्या हातानं झाडाचे पेरू काढीत, फोडी करीत, आणि मला मागच्या खोलीत नेऊन दार लोटून घ्यायला सांगत. ‘‘त्याच्या नजरेसमोर नको.’’ मी तिथं चोरासारखी बसून कुरुमकुरुम खाई.

अशीच एक दुपार. बाहेर पावसाची झिमझिम. मी भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर ताटली. दार मी लोटलं होतं, पण आमच्या दारांना ओलीनं पोक आलेला, बोटभर फट राहायचीच. आत्याबाई राघूची वाटी विसळायला परसात गेल्या होत्या. टपटप टपटप असा आवाज आला. बघते तर फटीतून राघू येतोय. उडायचं त्राण नव्हतं, म्हणून चालत. पोपटाची चाल बघितलीय ना? पाय आत वळलेले, शेठजी ओटीवर फेऱ्या मारतायत तशी. छाती बोडकी, गुलाबी कातडी दिसतेय, आणि चेहऱ्यावर असा भाव की वाटेत कुणी येऊ नये.

आला, चोचीनं माझं लुगडं धरलं, चढला गुडघ्यावर, आणि मी ‘अरे’ म्हणेपर्यंत ताटलीतली मिरची उचलली.

तोच दारात आत्याबाई. हातात वाटी. मला वाटलं आता झडप घालतील. त्या हलल्या नाहीत. राघू एका पायावर उभा राहिला, मिरची धरलेला पाय वर केला, आणि देठापासून नीट, रांगेनं सोलायला लागला. बी संपलं, साल संपली. मग पेरूची एक फोड. मग दुसरी. मग माझ्या पदराला चोच दोन्ही बाजूंनी पुसली आणि माझ्या गुडघ्यावरच चोचीचा करकर करकर असा बारीक आवाज काढत डोळे मिटले. पोपट चोच अशी घासायला लागला की समजावं, जीव निवांत आहे. तो आवाज आमच्या घरानं आषाढापासून ऐकला नव्हता.

आत्याबाई खाली बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, सांगता येईना. ‘‘कसा खाल्लान् बघ,’’ म्हणाल्या. आणि लगेच, ‘‘मोडला गं संकल्प. मीच त्याला मोकळा सोडून गेले.’’ त्या दिवशी त्यांनी तोंडात पाण्याचा थेंबही घेतला नाही.

संध्याकाळी मामंजी आले. झोपाळ्यावर बसवून त्यांना सगळं सांगितलं. कचेरीतला माणूस, त्यांनी लगेच खटला चालवायला घेतला.

‘‘चोरी कुणी केली? राघूनं. राघूनं संकल्प सोडला होता का? नाही. मग मोडला कुणी?’’

‘‘वस्तू मी सोडली होती. माझ्या घरात त्याच्या तोंडात गेली.’’

‘‘बरं, मग उद्यापासून परत पाळ. झालं गेलं...’’

‘‘आणि त्याला परत तसं बघू?’’ आत्याबाईंचा आवाज चढला. तो कधी चढत नसे. ‘‘तू नव्हतास तिथं. तू पाहिलं नाहीस तो कसा चालत आला ते!’’

मामंजी सुपारी कातरायचे थांबले. मग आपल्या नेहमीच्या थट्टेनं म्हणाले, ‘‘हे बघ अक्का, तुझ्या शास्त्राला दारं कमी आणि खिडक्या जास्त. कुठली तरी पळवाट असणारच. उद्या उपाध्यांना बोलाव आणि विचार.’’

त्यांना काय माहीत, त्या खिडकीतून कुणाला बाहेर काढणार आहेत ते!

दुसऱ्या दिवशी उपाध्ये आले. गोल, हसरे, पंचवटीत निम्म्या घरांची व्रतं त्यांच्या जिभेवर. त्यांनी सगळं ऐकलं, राघूची छाती पाहिली, च् च् केलं. ‘‘व्रत घेतलेला आजारी पडला तर घरातल्या धडधाकट माणसानं ते पुढं चालवावं. असा प्रतिनिधी चालतो. यात वस्तू तुम्ही सोडलीत, पण भोग भोगतोय हा. तेव्हा याच्याऐवजी मिरची आणि पेरू दुसऱ्या कुणी सोडावेत. कार्तिकीपर्यंत.’’

‘‘मी सोडते,’’ मी म्हटलं.

‘‘तू गप्प बस,’’ आत्याबाई आणि उपाध्ये एकदमच बोलले. डोहाळकरणीची वासना मारायची नसते.

‘‘मी सोडतो की,’’ आमचे हे म्हणाले.

‘‘तुम्ही मिरची खाता का?’’

‘‘नाही. मला सोसत नाही.’’

‘‘मग सोडणार काय? कपाळ?’’ उपाध्ये म्हणाले. ‘‘आवड नाही ती वस्तू सोडून पुण्य मिळालं असतं, तर मी रोज कारलं सोडलं असतं. मिरचीवर जीव असलेला माणूस हवा.’’

सगळ्यांच्या माना हळूहळू झोपाळ्याकडे वळल्या.

मामंजींनी अडकित्ता खाली ठेवला. ‘‘मी विचारा म्हटलं होतं, मला धरा नव्हतं म्हटलं!’’

पण एकही मान परत वळली नाही.

‘‘अहो, भाकरी कशी उतरेल मला? आमटी कशी जाईल? कार्तिकी म्हणजे थोडेथोडके दिवस आहेत का?’’

उपाध्यांनी वर आढ्याकडे बघितलं. आत्याबाई खाली जमिनीकडे बघत होत्या. त्यांनी ‘घे’ म्हटलं नाही. लहानपणी पांढरं कपाळ घेऊन त्या माहेरी परत आल्या, तेव्हापासून त्यांनी भावाकडे काही मागितलं नव्हतं, लुगडंसुद्धा नाही. आणि आताही मागत नव्हत्या. मला वाटतं, तेच मामंजींना लागलं असावं. एकदम उठले, चूळ भरून आले आणि पाट ओढून बसले.

‘‘आणा पाणी,’’ म्हणाले. ‘‘आणि लौकर. मला कचेरीची घाई आहे, आणि मन बदलायचीही.’’

त्या दिवसापासून आमच्या घरातलं जेवण म्हणजे रोजचा तमाशा. मामंजी पाटावर बसत, घोटभर पाणी पीत, आणि तोंड उघडून गप्प होत. तेवढ्यात पाटाच्या कडेवरून त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच रुबाबात हुकूम सुटे, ‘‘अक्का, मिरची!’’ आत्याबाई मिरची घेऊन निघत आणि मामंजींच्या पानावरून पलीकडे हात नेऊन राघूला भरवीत. मामंजी भात कालवता कालवता बघत.

‘‘सावकाश खा, लेका,’’ म्हणत. ‘‘माझ्या वाटणीची आहे.’’

पहिले काही दिवस त्यांचा राग नाकावर. पण मग काय झालं कुणास ठाऊक, बाजारातनं मिरच्या तेच आणायला लागले. निवडून. लवंगी आणली तर लहान पडते, त्याच्या पंजात बसत नाही. म्हणून लांबडी, करकरीत, भरपूर बियांची शोधीत. आणल्यावर देठ मोडून आधी स्वतः वास घेत, डोळे मिटून. ‘‘मी खात नाही, निदान चांगली तरी खाऊ दे.’’ पुढं पुढं तर कचेरीत सांगायला लागले म्हणे, की पोपट साल आधी सोलतो की बी आधी काढतो. राघूला ‘हिरव्या’ म्हणणारा माणूस, आता ‘आमचा राघू’ म्हणायला लागला.

मिरची मिळाली आणि राघू दुसऱ्या दिवशी हिरवागार झाला, असं मात्र समजू नका. शिंका आधी थांबल्या. मग डोळ्यांत चमक आली. पिसांना फार वेळ लागला. आधी छातीवर बारीक बारीक सुया दिसायला लागल्या, कोंबडीच्या पिलाला येतात तशा. त्या खाजतात, त्या दिवसांत पक्ष्याला उगाच कुरवाळू नये, रक्त येतं. आणि गंमत अशी की पोट भरलं तरी उपटायची खोड लगेच सुटेना. डोकं खाजवायची माणसांची सवय सुटते का? तेव्हा माझ्या लक्षात आलं, मिरचीनं त्याचं नुसतं पोट भरत नव्हतं, वेळही भरत होता. सोलणं, धरणं, निवडणं, हे सगळं त्याचं कामकाज. ते काढून घेतल्यावर रिकामी चोच स्वतःच्या अंगावर वळली. म्हणून मी पेरूची अख्खी डहाळीच पानांसकट पिंजऱ्यावर बांधायला लागले. तो पानं कातरी, साल काढी, घरभर कचरा करी. मी केर काढी आणि खुशीत काढी. आश्विनात ऊन पडल्यावर सकाळी त्याला परसात ठेवायचं, अर्धा पिंजरा उन्हात, अर्धा सावलीत, हवं तिकडं सरकू दे. हल्लीचे डॉक्टर म्हणतात हिरव्या भाजीत, फळात अमुक जीवनसत्त्व असतं. असेल. आमच्याकडे त्याला मिरची म्हणत.

पण आत्याबाईंचं मन काही पुरतं निवलं नव्हतं. प्रतिनिधी नेमला, उपाध्यांनी हो म्हटलं, सगळं खरं. तरी मी जरा कण्हले, जरा पाठीला हात लावला की त्यांचा चेहरा उतरे. एकदा मला विचारलं, ‘‘खरं सांग, हलतंय ना?’’ मी त्यांचा हात घेऊन पोटावर ठेवला. आतून लाथ बसली तशा त्या दचकल्याच. ‘‘बाई गं! मिरचीवर पोसलेलं दिसतंय.’’

कार्तिकी आली. उपाध्यांना पत्रावळीवर मिरच्यांचा हा ढीग आणि पेरू दान दिले. त्यांनी आशीर्वाद दिला आणि हळूच म्हणाले, ‘‘एवढ्या मिरच्यांचं आमची मंडळी काय करणार?’’ मग मामंजींनी सगळ्यांदेखत पाटावर बसून मिरची हातात घेतली आणि ऐटीत अर्धी चावली. आणि झालं असं, की जीभ सवय विसरली होती! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कान लाल, आणि उचकी. थांबता थांबेना. आत्याबाई गुळाचा खडा घेऊन धावल्या. आयुष्यभर त्यांच्याकडे मिरची मागणारा माणूस गूळ चोखत बसला. राघूनं मान तिरकी करून सगळं पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत उचकी पाठ केली.

मग मी बाळंतपणासाठी माहेरी गेले, घोटीला. जाताना आत्याबाईंनी शेजारच्या काकूंकडून माझी ओटी भरवली. मला मुलगी झाली, धडधाकट, रडायला लागली की भातखाचरांपलीकडे ऐकू जावी अशी. निरोप नाशकाला पोचला तेव्हा म्हणे मामंजी घरभर सांगत फिरत होते, ‘‘माझं पुण्य हो, माझं! विचारा उपाध्यांना.’’ आणि आत्याबाई देवापुढं बसून होत्या त्या दिवा लागेपर्यंत उठल्या नाहीत.

तीन महिन्यांची लेक घेऊन मी परत आले. भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि आत्याबाईंनी तिला जी घेतली ती मांडीवरून खाली ठेवीनात. राघूला हे अजिबात पसंत पडलं नाही. घरात नवं मूल आलं की पाळलेला पक्षी रुसतो, चावतोही. त्याला दटावून बाजूला ठेवलं तर जास्तच बिथरतो. त्याला आधी जवळ घ्यावं, मग मुलाला. आत्याबाईंना हे कुणी सांगायला नको होतं. त्यांनी खांदा जरा पुढं केला. राघू पाटावरून उडाला, हो, उडाला, नव्या पिसांनिशी, आणि त्यांच्या खांद्यावर बसून खाली वाकून त्या एवढ्याशा तोंडाकडे बघायला लागला. लेक त्याच्याकडे बघून पाय झाडायला लागली.

आणि तिच्या नव्या कोऱ्या कुंचीवर त्यानं पिचकारी सोडली.

मी पुसायला धावले. आत्याबाईंनी हातानं मला अडवलं, कुंची उजेडाकडे वळवली आणि सोनार नग बघतो तशी नीट न्याहाळली. पक्ष्याची प्रकृती विष्ठेत कळते, ही त्यांची विद्या. मधे पांढरं, भोवती हिरवं, पाणी बेताचं, म्हणजे पक्षी बरा.

‘‘बांधीव आहे,’’ त्या म्हणाल्या, अगदी तृप्त आवाजात. मग खाली वाकून लेकीचं लंगोट उचकटून तिथलीही तपासणी केली. ‘‘हिचंही चांगलं आहे. जा आता, दोघांच्या खायचं बघ.’’